परतीचा ठेका

फोन दुसऱ्या रिंगला उचलायचा हा त्या घरातला कायदा होता, आणि तो मुंगीच्या आईनेच केलेला होता. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या फटीत घरी फोन लावायची आणि तिचा दीर दुसऱ्या रिंगला उचलून, हॅलो वगैरे काही न म्हणता सांगायचा, "जिवंत आहोत. दोघंही." या विनोदाचं तिला कधी हसू आलं नव्हतं. पण तो ऐकल्याशिवाय पुढच्या माणसाच्या डोळ्यात टॉर्च धरताना तिचा हात स्थिर राहत नसे.

आज रिंग वाजून वाजून बंद पडली. तिने पुन्हा लावला. पुन्हा तेच. समोर एक आजोबा तपासणीच्या यंत्रावर हनुवटी टेकवून शहाण्या मुलासारखे बसले होते. तिने त्यांना खालची ओळ वाचायला सांगितली, त्यांनी वाचली, आणि त्यांनी काय वाचलं हे तिच्या कानात शिरलंच नाही. तिने टॉर्च कोटाच्या खिशात टाकला, मालकांना म्हणाली, घरी जाऊन येते. मालक चष्म्याच्या काड्या पुसत होते. घर काय पळून चाललंय का, असं ते पुटपुटले, पण तोवर ती रस्त्यावर होती.

घर दोन गल्ल्या पलीकडे. पळायचं नाही असं तिने ठरवलं, कारण पळत गेलं की घरी खरंच काहीतरी झालेलं असतं, अशी तिची एक खुळी समजूत होती. ती भरभर चालत राहिली आणि स्वतःला समजावत राहिली. फोन सायलेंटवर असेल. मुंगीने सोफ्याखाली ढकलला असेल. मुंगी म्हणजे तिची सव्वा वर्षाची मुलगी. साखरेचा डबा कुठेही लपवा, ही तिथे हजर, म्हणून मुंगी. काकानेच ठेवलेलं नाव.

हे काका, म्हणजे तिचे भावजी, लिफ्ट दुरुस्त करायचे. मुंगीचा बाप बोटीवर, सहा-सहा महिने पाण्यात. घरात ती, मुलगी आणि धाकटा दीर. दोन वर्षांपूर्वी एका जुन्या इमारतीत भावजी लिफ्टच्या विहिरीत अडकले. वर अंधार, खाली अंधार आणि शेजारी पाय मोडलेला कामातला जोडीदार. बाहेर काढेपर्यंत जोडीदार बेशुद्ध पडला होता, आणि भावजी शुद्धीवर असून नसल्यासारखे. त्यानंतर त्यांची झोप उडाली. रात्र-रात्र घरभर फिरायचे. घरात माणूस नाही, वटवाघूळ पाळलंय, असं ती नवऱ्याला फोनवर सांगायची. कामावरही त्यांना टेबलाशी बसवलं, दुपारपासून तक्रारींचे फोन घ्यायला. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. शेवटी कुणी तरी त्यांना डफवाल्या बाईंकडे नेलं.

टायरच्या दुकानावर एक लांबोडा हॉल होता. दिवसा हाडांच्या दवाखान्यात नर्स म्हणून राबणाऱ्या त्या बाई संध्याकाळी तिथे सतरंज्या घालायच्या. आधी श्वासावर ध्यान. मग माणसांनी उताणं पडायचं, डोळ्यांवर कापड घ्यायचं, आणि बाई मोठा डफ एकाच लयीत वाजवत राहायच्या. ना कमी ना जास्त, पाव तास, वीस मिनिटं. पडलेली माणसं त्या ठेक्यावरून खाली जायची. खाली म्हणजे कुठे, हे ज्याचं त्याचं. कुणाला गुहा दिसे, कुणाला झाडाचं मूळ. भावजींना अर्थातच लिफ्टची विहीर दिसायची. पहिल्या वेळी ते किंचाळत उठले. मग हळूहळू तळापर्यंत पोचले, आणि तळाशी म्हणे एक उजेडाची खोली होती आणि तिथे जोडीदार बसलेला होता, धडधाकट. त्या आठवड्यात ते पहिल्यांदा सकाळपर्यंत झोपले.

मुंगीच्या आईने सगळं ऐकून घेतलं. ती शिकलेली होती, लगेच हात जोडणाऱ्यांतली नव्हती आणि लगेच नाक मुरडणाऱ्यांतलीही नव्हती. ती बघणाऱ्यांतली होती. एकदा ती बघायलाच गेली. तिथला नियम असा की जो खाली जाणार, त्याला वरून हाक देणारं आपलं माणूस हवं. बाईंनी तिलाच भावजींच्या उशाशी बसवलं आणि हाक शिकवली. हाक तोंडाने द्यायची नाही. तळहात जमिनीवर मारायचा: चार सावकाश थापा, मग एक श्वास थांबायचं, पुन्हा चार. खालच्या माणसाचं बोट हललं की मगच भराभर. बाईंनी दोन गोष्टी बजावून सांगितल्या. डफ मधेच तुटू द्यायचा नाही. पूर्वी एकाचा असा तुटला तर तो माणूस चार दिवस स्वतःच्या घरात पाहुण्यासारखा वागत होता, पाणी प्यायचं तरी बायकोला विचारून. आणि दुसरं, हाक देणाऱ्याचा श्वास चढलेला नको. "वर घबराट आहे असं कळलं की खालचा माणूस वर येत नाही हो. तो आणखी खाली सरकतो."

त्या दिवशी भावजी वर आले तेव्हा तिने सवयीने त्यांचे डोळे पाहिले. हॉलमध्ये लख्ख उजेड होता, पण त्यांच्या बाहुल्या अंधारातून आल्यासारख्या मोठ्या होत्या. ते तिला विसरता आलं नाही.

म्हणून बाळंतपणानंतर पुन्हा कामावर जायची वेळ आली तेव्हा तिने त्यांना समोर बसवून शब्द घेतला. सकाळी मुंगी त्यांच्यापाशी राहणार होती. भावजी म्हणाले, "मुंगी माझ्यापाशी असताना मी कुठेही जाणार नाही, वहिनी. जिन्यात नाही, नि खालीसुद्धा नाही." त्यावर दोघंही हसली होती.

जिना चढताना तिला तो ठेका ऐकू आला.

धाड-धाड, धाड-धाड, धाड-धाड. एकसारखा, न थकणारा. दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत तिला कळलं की हे त्यांचं कपड्यांचं मशीन आहे. जुनं धूड, एक पाय आखूड. कपडे पिळायला लागलं की थयथयाट करत पुढे सरकायचं, म्हणून कुणाला तरी हात लावून धरून बसावं लागायचं. हायसं वाटून तिने किल्ली फिरवली. दार चार बोटं उघडलं आणि साखळीला अडकलं.

साखळी तिनेच बसवून घेतली होती. मुंगी दाराच्या कडीशी खेळायला लागली तेव्हा दुकानदाराला म्हणाली होती, सगळ्यात दणकट द्या.

फटीतून बोळाची एक पट्टी दिसत होती. टोकाला मशीन नाचत होतं. त्याच्यापुढे भावजी उताणे पडलेले, पाय दाराकडे, डोळ्यांवर ओला टॉवेल. छाती इतकी सावकाश वरखाली होत होती की मधे-मधे थांबल्यासारखी वाटे. त्यांच्या उजवीकडे बाथरूमचा उंबरा, आणि उंबऱ्यापाशी मुंगीचा एक लाल मोजा.

बाथरूममध्ये बादली भरलेली होती. एरवी ती बादली कायम पालथी असायची. सव्वा वर्षाच्या पोराला बुडायला वीतभर पाणी पुरतं, हे तिने कुठेतरी वाचलं होतं आणि ते वाक्य रोज एकदा तरी तिच्या डोक्यात वाजायचं. पण आज दुपारी पाणी जाणार होतं. म्हणून सकाळी निघताना तिनेच ती काठोकाठ भरली होती.

ती ओरडली. आधी भावजींना, मग मुंगीला. मशीनच्या दणदणाटात तिचा आवाज विरघळून गेला. समोरच्या काकूंचं दार बडवलं. त्याला कुलूप होतं. खांद्याने दाराला धक्के दिले. साखळी नुसती ताठ व्हायची. आणि त्या सगळ्या गोंधळात भावजींची पापणीसुद्धा हलली नसेल, कारण ते त्या ठेक्यावर होते. तो वाजेपर्यंत ते येणार नाहीत, आणि तो तोडला तर कसे येतील ते सांगता येत नाही.

जिन्याच्या वळणावर मीटरची पेटी होती. ती पेटीपुढे उभी राहिली तेवढा एक क्षण तिला भावजी आठवले. रात्री घरभर फिरणारे, कोऱ्या डोळ्यांचे, मुंगीच्या जन्मानंतर पहिल्यांदा तिला हातात घेताना रडलेले. मग तिला बादली आठवली. तिने मेन स्विच खाली ओढला.

मशीन घरघरत थांबलं. घर एकदम इतकं शांत झालं की तिला स्वतःच्या कानातलं रक्त ऐकू आलं. ती फटीला कान लावून राहिली. रडणं नाही. हुंकार नाही. पाण्याचाही आवाज नाही, आणि त्या आवाजाचं नसणं चांगलं की वाईट हे तिला ठरवता येईना.

भावजींचे पाय मात्र सैल पडून बाहेरच्या बाजूला कलंडले, आणि तोंड किंचित उघडलं. दोर कापल्यासारखं. कापणारी तीच होती.

ती तिथेच जिन्याच्या फरशीवर आडवी झाली, फटीतून खांद्यापर्यंत हात आत घातला आणि थापा मारायला लागली. चार, आणि चार, आणि चार. भावजींनी मान वळवली. तिच्याकडे नाही, पलीकडे. झोपेत माणूस उजेडाकडे पाठ फिरवतो तशी. छातीची हालचाल आणखी मंद झाली.

श्वास. तिच्या लक्षात आलं की ती कुत्र्यासारखी धापा टाकते आहे आणि मधे थांबायचं विसरते आहे.

आता या क्षणी शांत हो, असं जगात कुणी तिला सांगितलं असतं तर तिने त्याचं थोबाड फोडलं असतं. पण सांगणारं कुणी नव्हतं, तिलाच ते करायचं होतं. समोर लाल मोजा दिसत होता तोवर श्वास खाली उतरणार नव्हता. रात्री पोरीच्या पाळण्याशीसुद्धा एक डोळा उघडा ठेवून निजणाऱ्या त्या आईने शेवटी दोन्ही डोळे मिटले. दिवसभर गिऱ्हाइकांना सांगायची तेच ती मनात म्हणाली. हनुवटी टेकवा. हलू नका. काही दुखणार नाही. पुन्हा म्हणाली. चार थापा मारल्या, नि एक पूर्ण श्वास वाट पाहिली. चार थापा, नि एक श्वास. फरशी गार होती. फरशीच्या खाली आणखी काहीतरी खोल आहे आणि आपली थाप तिथवर जाते आहे, असं तिला वाटायला लागलं, आणि तिने ते वाटू दिलं.

आतून एक थाप आली. छोटी, ओलसर, बेताल.

तिने डोळे उघडले. भावजींच्या पलीकडून, भिंत आणि त्यांची छाती यांच्या मधल्या खाचेतून, केसांचा झुपका वर आला. मुंगी इतका वेळ काकाच्या दंडावर निजली होती. एका पायात मोजा, दुसरा उघडा. तिने दारातून आत आलेला हात पाहिला, हात ओळखला, आणि हसून पुन्हा फरशीवर थाप दिली.

आईचा जीव भांड्यात पडला असता. पण मुंगी आता जागी होती. मघाशी ती झोपलेली असताना बादली नुसती बादली होती.

इकडे ये म्हणून हाक मारायची सोय नव्हती. ठेका तुटला तर भावजी गेले, आणि आवाज चढला तर मुंगी बिचकून रडणार. ती थापा मारत राहिली आणि बोटांनी बोलावत राहिली. मुंगीने काकाच्या पोटावरून सरकत अलीकडे उतरून दोन-तीनदा साथ दिली. मग तिला कंटाळा आला. तिची नजर उंबऱ्यापाशी पडलेल्या मोज्यावर गेली. ती उठली, डुलत-डुलत तिथे पोचली, मोजा उचलला, आणि मोज्यासकट आत दिसेनाशी झाली.

चार थापा. एक श्वास.

आयुष्यात तिने याहून लांब श्वास घेतला नव्हता.

चार थापा. आतून पाण्यात हात आपटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ मुंगीचं खिदळणं.

भावजींच्या डाव्या हाताची करंगळी हलली.

तिने तळहात फुटेस्तोवर भराभर थापा मारल्या. भावजी ताडकन उठून बसले, टॉवेल मांडीवर पडला. त्यांनी तिच्याकडे, म्हणजे दारातून आलेल्या हाताकडे आणि फटीतल्या अर्ध्या चेहऱ्याकडे पाहिलं. ओळखीचा लवलेश नव्हता. ती दुकानातल्या आवाजात म्हणाली, "भावजी, मुंगी बाथरूममध्ये आहे. बादली भरलेली आहे."

"कोण मुंगी?" त्यांनी विचारलं. अगदी सभ्यपणे, रस्त्यावर पत्ता विचारणाऱ्याला विचारावं तसं.

आतलं खिदळणं थांबलं होतं. मग बादलीची कडी खणकली, पाणी डचमळून उंबऱ्यावर आलं, आणि त्या आवाजाने भावजींच्या डोक्याला नाही पण अंगाला काहीतरी कळलं असावं. ते भिंतीवर आपटत उठले, वाकले, आणि आत हात घालून त्यांनी मुंगीला काखेतून वर काढलं. ती कोपरापर्यंत आणि हनुवटीपर्यंत भिजली होती. मोजा पाण्यात राहिला म्हणून ती आता भोकाड पसरून रडत होती. इतकं गोड रडणं तिच्या आईने कधी ऐकलं नव्हतं.

साखळी काढायला त्यांना बराच वेळ लागला. लिफ्टचे बारीक स्क्रू फिरवणारी बोटं त्या एवढ्याशा खाचेत चाचपडत होती. दार दोन बोटं लोटून घ्या, मग सरकवा, असं ती बाहेरून पुन्हा पुन्हा सांगत राहिली.

आत आल्यावर तिने आधी मुंगीला कुशीत घेतलं, मग भावजींना खुर्चीवर बसवून त्यांच्या डोळ्यात टॉर्च धरला. बाहुल्या मोठ्या होत्या. उजेडाने हळूहळू, नाखुशीने लहान झाल्या. हॉलमध्ये बाई वर आलेल्यांना करायच्या तसं तिने त्यांच्या जिभेवर मीठ ठेवलं, वर पाणी पाजलं. पाणी पिताना त्यांनी मुंगीकडे पाहिलं, मग बाथरूमच्या उंबऱ्याकडे, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. आता ते खरे वर आले होते.

तिने विचारलं तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं की डोकं ठणकत होतं, म्हणून डोळ्यांवर टॉवेल घेतला; मुंगी दंडावर निजली; मशीन पुढे सरकू नये म्हणून डोकं त्याला टेकवून पडून राहिलो. पुढचं आठवत नाही.

"मी गेलो नव्हतो, वहिनी," ते म्हणाले. "शप्पथ. मी नुसता मशीन धरून होतो."

तिचा विश्वास बसला नाही. दारू सोडली म्हणणारे असंच बोलतात, असं ती तोंडावर बोलून गेली. शब्द दिला होतात, निदान तो पाळता आला नाही एवढं तरी कबूल करा. भावजी उठून बाहेर गेले आणि जिन्याच्या पायरीवर जाऊन बसले.

तिने मुंगीचे कपडे बदलले. बादली पालथी केली. पाणी सगळं मोरीत वाहून जाऊ दिलं. मेन स्विच वर केला. मशीनचा खटका तसाच राहिला होता, त्यामुळे ते लगेच थयथय करायला लागलं आणि पुढे सरकलं. एका कडेवर मुंगी, म्हणून तिने पाठ लावून ते भिंतीशी दाबून धरलं. कपडे पिळून होईपर्यंतचाच प्रश्न होता. ती रागातच होती. दुकानात काय सांगायचं, बोटीवर काय कळवायचं, याची मनात जुळवाजुळव चालली होती.

धाड-धाड, धाड-धाड. ठेका पाठीच्या कण्यातून वर चढला. डोळ्यांपुढे दोन भिंगं एकमेकांवर सरकून पुसट अक्षर एकदम ठळक व्हावं, तसं समोरच्या भिंतीत काहीतरी ठळक झालं. एक काळं, गोल, गार. त्याला तोंड होतं आणि तोंडाच्या खाली पायऱ्या होत्या. पहिली पायरी इतकी जवळ होती की पाय टाकायला मुद्दाम काही करावं लागणार नव्हतं. उलट न टाकायलाच काही करावं लागलं असतं. मुंगी कडेवरून बोटभर घसरली.

ती दचकली, वळली आणि भिंतीतून वायरच उपटून काढली.

मुंगी दोन्ही हातांनी घट्ट धरलेली होती. किती वेळ गेला असेल? मशीनच्या वेळेचं बटण जेमतेम सरकलं होतं. घाईने शिकलेल्या चार थापा आणि एक घाबरलेला अर्धा तास, एवढ्याच शिदोरीवर ती त्या तोंडाशी पोचली होती. भावजींनी तर ती वाट महिनोन् महिने तुडवून गुळगुळीत केलेली होती.

ती मुंगीला घेऊन जिन्यात आली आणि त्यांच्याहून एक पायरी वर बसली. भावजींनी मागे वळून पाहिलं नाही. हातात स्क्रूड्रायव्हर होता. दाराची साखळी काढायची म्हणून त्यांनी जाता-जाता खोलीतून उचलला असावा, पण दाराशी यायचा धीर झाला नसावा.

"तुम्ही खरं बोलत होता," ती म्हणाली.

त्यांचे खांदे सैल झाले. त्यांनी विचारलं, "मग पुन्हा शब्द देऊ?"

ती मुंगीच्या केसांवरून हात फिरवत राहिली. हेच तर अवघड होतं. खोटं बोलला असतात तर बरं झालं असतं, असं तिने त्यांना सांगितलं. खोटं बोलणाऱ्याला दटावता येतं, लाज वाटायला लावता येते, त्याच्याकडून पुन्हा शब्द घेता येतो. पण जो गेलाच नव्हता, त्याने न जाण्याचा शब्द कसा द्यायचा?

"नको," ती म्हणाली. "उद्यापासून मी हिला दुकानात नेईन. मालक कुरकुरतील, कुरकुरू देत. संध्याकाळी मी घरात असताना तुम्ही हिचे काका, आहातच."

त्यांनी मान हलवली. एकदा, आणि मग बराच वेळ हलवत राहिले. रडत होते की काय, हे तिने वाकून पाहिलं नाही. पाहायची सवय असूनही नाही पाहिलं.

मुंगी मांडीवरून उतरून त्या दोघांच्या मधल्या पायरीवर बसली. तिने तळहात उचलला आणि पायरीवर थाप मारली. मग आणखी एक. मग आणखी दोन. मग थांबली, आणि कुणीतरी उत्तर देईल म्हणून आळीपाळीने दोघांकडे पाहायला लागली.

आईने आपला हात मांडीखाली दाबून धरला. भावजींनी स्क्रूड्रायव्हर पायरीवर ठेवायला खाली नेला होता, तो तसाच अधांतरी धरून ठेवला.